दांडिया बाजारातला रविवारचा पायथन वर्ग

बडोद्यात दांडिया बाजारात एक ताई दर रविवारी सकाळी आपल्या घरी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात, मराठीतून. पाच जणांची बॅच, तीन महिने. पायथन लिहिता येतं, पण आपणच लिहिलेली फाइल सहा महिन्यांनी उघडायला धजत नाही, अशांसाठी हा वर्ग आहे. अगदी नवख्यांनी जाऊ नये. फॉर लूप इथे शिकवत नाहीत.

मी गेले ती दादाच्या फरसाणाच्या दुकानाचा बिलांचा प्रोग्रॅम घेऊन. २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेला, पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. मी फाइलभर १२ शोधून ५ केले. खोक्यात पाकिटंही १२च असतात, तीही ५ झाली. गरब्याच्या गर्दीत दादा हाताने बिलं लिहीत बसला. ते पाहून फार वाईट वाटलं.

ताईंनी कोड वाचला आणि पहिले दोन रविवार पायथनमधल्या क्लासचं, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणाऱ्या साच्याचं, नावही काढलं नाही. फाइलीतला एकेक आकडा वहीत उतरवायचा, तो कशाचा ते शेजारी लिहायचं. मग त्या आकड्यांना नावं देऊन ती मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या फाइलीच्या, माथ्यावर, इम्पोर्टच्या खाली, कॅपिटल अक्षरांत. पायथन कसं लिहावं हे सांगणाऱ्या पेप ८ या मार्गदर्शिकेचा संकेत तोच. पायथन स्वतः ते मूल्य बदलायला अडवत नाही; 'हे बदलू नये' असं सांगणारी, ३.८ आवृत्तीपासूनची फायनल ही खूण लावली तरी मायपाय हे कोड तपासणारं साधन तेवढं हटकतं, प्रोग्रॅम चालतोच. हे त्यांनी चालवून दाखवलं.

सगळ्यात मोलाचा पाचवा रविवार. मी विचारलं, "ताई, दर आता एकाच जागी आहे, मग झालं ना?"

"ऑगस्टमध्ये विकलेला खोका एखाद्या दुकानदाराने परत आणला तर?"

त्या बिलावर १२ टक्के घेतलेले, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोटही त्याच दराने हवी. म्हणजे आजचा दर मॉड्यूलचा, पण विक्रीच्या दिवशी लागलेला दर त्या बिलाचा. आमचा बिल हा क्लास तिथे तयार झाला. तारीख, वस्तू, दर एकत्र आले आणि तीच पाच मूल्यं (आर्ग्युमेंट) घेऊन फिरणारी माझी फंक्शन्स त्याच्या मेथड, म्हणजे क्लासच्या आतली फंक्शन्स, झाली. दुकानाचा पत्ता बाहेरच राहिला, कारण तो सगळ्या बिलांना सारखाच.

वस्तूंची रिकामी लिस्ट मी क्लासवरच, म्हणजे सगळ्या बिलांना मिळून एकच, ठेवली होती, तर एकाची शेव दुसऱ्याच्या बिलात उतरली. आता डेटाक्लास हा पायथनमधला तयार प्रकार वापरते. तो अशी लिस्ट घेतच नाही, व्हॅल्यूएरर ही चूक दाखवतो.

तक्रार दोन गोष्टींची. टेस्टिंगला एकच रविवार मिळतो. आणि डेसिमल (दशांशाचा अचूक हिशेब करणारा पायथनमधला प्रकार) शेवटी घाईत उरकलं. पैशांचा हिशेब करणाऱ्याला ते पहिल्या महिन्यात हवं. खोली लहान आहे, लॅपटॉप मांडीवर घ्यावा लागतो. फी साडेचार हजार, मला रास्त वाटली.

नवी बॅच उत्तरायणानंतर. जाताना आपला रोज चालणारा प्रोग्रॅम सोबत न्या, ताई त्यावरच शिकवतात.