बाऊल फीडर: मिनिटाला १२० स्क्रू, पण कुठले?

असेंब्ली लाइनवर व्हायब्रेटरी बाऊल फीडर बसवून सहा महिने झाले. म्हणजे थरथरणारं गोल भांडं; त्याच्या आतल्या कडेने चढत जाणाऱ्या ट्रॅकवरून पार्ट आपोआप वर सरकतात. एम४ (४ मिमी जाडीचे), १२ मिमी लांबीचे पॅन हेड स्क्रू एका रांगेत, डोकं वर ठेवून ऑटो स्क्रूड्रायव्हरपर्यंत पोचवायचे, एवढंच त्याचं काम. देणाऱ्याने मिनिटाला १२० सांगितले होते आणि त्याच्याकडच्या ट्रायलमध्ये तेवढे आलेही. आमच्याकडे पहिल्या शिफ्टला ८० च्या वर जाईना.

यात निम्मा दोष आमचा. ट्रायलला पाठवलेले स्क्रू आम्ही निवडून, पुसून पाठवले होते. पाहुणे येणार म्हणून पोरांना न्हाऊ-माखू घालावं तसे. रोजचे स्क्रू तेलकट, त्यात धातूचा कीस. असे स्क्रू ट्रॅकला चिकटून बसतात, वर चढतच नाहीत. धुऊन घ्यायला लागलो तेव्हा १०५ मिळाले. लाइनला ९० लागतात, म्हणून निभावलं. गरजेपेक्षा १५-२० टक्के जास्त वेग मागूनच घ्या. ट्रॅक भरला की सेन्सर बाऊल थांबवतो, जास्तीचं काही वाया जात नाही.

मशीन म्हणून साधं आहे. कॉइल आणि पट्टीच्या स्प्रिंगा; ना बेल्ट, ना बेअरिंग. पण ५० हर्ट्झच्या सप्लायवर फुल वेव्हला (विजेच्या लाटेचे दोन्ही अर्धे वापरले की) बाऊल सेकंदाला १०० झटके खातो, त्यात बोल्ट ढिले होणारच. तिसऱ्या महिन्यात वेग उतरला, तर ऑपरेटर रोज कंपनाचा नॉब थोडा थोडा वाढवत बसले. उघडून पाहिलं तर एका पट्टीला तडा. बदलताना जाडी तीच ठेवावी लागते, नाहीतर सगळं ट्यूनिंग बिघडतं.

वेगळा हॉपर, म्हणजे बाऊलमध्ये माल सोडणारी साठ्याची पेटी, घेतला नाही, ही कंजुषी नडली. ऑपरेटर अख्खी गोणी बाऊलमध्ये ओतायचे आणि बाऊल जड होऊन रांगायचा. आता लेव्हल सेन्सरवाला हॉपर आहे, मागणी तेवढाच माल पडतो. मला विचाराल तर सगळ्या खरेदीत हाच उजवा.

याच बाऊलवर ६ मिमी लांबीचा एम४ स्क्रू चालवायचा प्रयत्न फसला. "थोडं टूलिंग (स्क्रू सरळ करणाऱ्या खाचा-पट्ट्या) बदललं की होईल," असं देणारे म्हणाले होते. कसं होणार? डोकं ८ मिमी रुंद, खालचा दांडा जेमतेम ६ मिमी लांब. खाचेत लटकण्याऐवजी तो आडवाच होतो. रोज पार्ट बदलत असेल तर कॅमेऱ्यावाला फ्लेक्स फीडर पाहा; त्यात कॅमेरा पार्ट कसा पडलाय ते ओळखतो आणि रोबोट उचलतो. वेग कमी असतो, पण नव्या पार्टला बरेचदा प्रोग्राम बदलून भागतं. आमचा स्क्रू वर्षभर एकच, त्यामुळे बाऊलच बरा.

पुढच्या फीडरच्या ट्रायलची गोणी आत्ताच बाजूला काढली आहे. तीन वेगवेगळ्या लॉटचे स्क्रू, न पुसता.