टँपा की पुणे: निवृत्तीचे घर आणि पायाखालची जमीन

निवृत्तीनंतर कायमचे कुठे राहायचे हे ठरवताना आमच्यापुढे दोन पर्याय होते. मुलगी फ्लोरिडात टँपाजवळ राहते आणि तिच्याच वसाहतीतले एक आटोपशीर घर विक्रीला निघाले होते. दुसरीकडे पुणे, जिथे पत्नीचा आणि माझा जन्म गेला. हवा, दवाखाने, नातवंडांचा सहवास आणि खर्च यांचा हिशेब ज्याचा त्याने करायचा असतो, म्हणून तो इथे मांडत नाही. जमीन खचण्याचा धोका मात्र आपल्याकडे घर घेताना फारसे कोणी विचारात घेत नाही. आमचा निर्णय बराचसा त्यावर ठरला, म्हणून तेवढ्याबद्दलच लिहितो.

टँपाच्या भूमीखाली चुनखडक आहे. मातीतून झिरपताना किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी तो खडक हजारो वर्षे विरघळवत राहते, आत पोकळ्या तयार होतात, आणि वरचा वाळू-मातीचा थर एखाद्या दिवशी त्यात कोसळतो. भूजलाची पातळी एकदम खाली गेली की पोकळीच्या छताला असलेला पाण्याचा आधार जातो, त्यामुळे धोका वाढतो. 2010 च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली तेव्हा टँपाच्या पूर्वेला प्लांट सिटी परिसरातल्या शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी वाचवण्यासाठी दिवसरात्र भूजल उपसून पिकावर फवारले, आणि थोड्याच दिवसांत त्या भागात शंभराहून अधिक सिंकहोल, म्हणजे जमीन कोसळून होणारी विवरे, उघडली. 1981 च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्याच विंटर पार्क गावात पडलेल्या विवराने एक अख्खे घर, काही मोटारी आणि नगरपालिकेच्या जलतरण तलावाचा भाग गिळला. आज तिथे तळे आहे. तरीही लाखो माणसे त्या भागात निर्धास्त राहतात आणि घर गिळणारे विवर ही विरळा घटना आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मुलीच्या परिचयातल्या एकाही घराला आजवर असा धोका झालेला नाही.

माझे मन फिरले ते एका दारामुळे. आम्ही मुलीकडे सहा महिने राहिलो, आणि जुलैमध्ये आमच्या खोलीचे दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासू लागले. पुण्यात श्रावणात दार फुगते, सुतार येऊन रंधा मारतो आणि विषय संपतो. तिथे मात्र दार अडकणे हे जमीन खचत असल्याच्या नेहमीच्या लक्षणांपैकी एक मानले जाते. त्याच भिंतीवर केसाएवढी एक चीर होती. जावयांनी तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडव्या रेघा ओढून शेजारी तारीख घातली, आणि दर रविवारी न्याहारीनंतर ते चीर रेघेच्या पुढे गेली का ते पाहू लागले. मग विम्याची कागदपत्रे निघाली. तिथल्या कायद्यानुसार घराच्या विम्यात जे संरक्षण असावेच लागते, ते मिळण्यासाठी चार गोष्टी एकत्र घडाव्या लागतात: जमीन अचानक कोसळली पाहिजे, खड्डा नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे, पायासकट इमारतीचे नुकसान झाले पाहिजे, आणि सरकारी यंत्रणेने घर राहण्यास अयोग्य ठरवून ते रिकामे करण्याचा आदेश दिला पाहिजे. म्हणजे भिंत तडकली, फरशी कलली, पण घर उभे आहे, तर त्या संरक्षणाचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळा विमा वेगळा हप्ता भरून घ्यावा लागतो, आणि तो देण्याआधी कंपनी घराची तपासणी मागू शकते. अखेर एका अभियंत्याने येऊन दार केवळ दमटपणामुळे फुगल्याचे सांगितले, आणि सात आठवड्यांचा घोर मिटला. पेन्सिलच्या रेघा मात्र कोणी पुसल्या नाहीत. ज्या वयात शांत झोप हवी, त्या वयात दर पावसाळ्यात असा पहारा करणे मला झेपले नसते. कुणाला ते सहज जमेलही, आणि विम्याचा हप्ता भरून निश्चिंत राहता येत असेल तर मुलांजवळ राहण्याचे सुख मोठेच आहे.

पुण्याकडे वळताना आपला काळा पाषाण चुनखडकासारखा विरघळत नाही, हा मोठा दिलासा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बसाल्ट आहे. पण खडक भक्कम असला म्हणजे त्यावरची जागाही भक्कम असतेच असे नाही. 20 सप्टेंबर 2024 रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा अख्खा ट्रक पेव्हर ब्लॉकसकट जमिनीत गेला, तेव्हा तिथे पूर्वी विहीर असावी असे बोलले गेले. पेठांच्या पोटात माणसाने केलेल्या पोकळ्या पुष्कळ आहेत: वाड्यांतले आड, धान्याची बळदे, बुजवलेले हौद, आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला पाण्याचा नळ. माझ्या आत्याबाईंच्या नारायण पेठेतल्या वाड्यात मागच्या चौकात आड होता. नळ आल्यावर त्यावर शहाबादी फरशी टाकली, पुढे त्या फरशीवर भाडेकरूंच्या स्कूटर लागू लागल्या, आणि खाली आड आहे हे माहीत असलेली आता आम्ही दोन-तीनच माणसे उरलो आहोत. मिळकत पत्रिका पाहून हे कळत नाही. पेठेत पुनर्विकासातली सदनिका घेणाऱ्याने शेजारच्या वाड्यातल्या सर्वांत वृद्ध माणसाशी तासभर बोलावे, एवढे मी आग्रहाने सांगेन.

उपनगरांत मला अधिक काळजी वाटली ती भरावाची. वाघोलीसारख्या भागांत दगडखाणी आहेत, आणि शहराच्या कडेला राडारोडा टाकून खाणी व ओढे बुजवण्याचे प्रकार सर्वांनाच ठाऊक आहेत. असा भराव दाबून घट्ट केलेला नसेल तर दर पावसाळ्यात थोडाथोडा बसत जातो. पूर्वेकडच्या एका नव्या संकुलात आम्ही नमुना सदनिका पाहिली. सदनिका देखणी होती, पण आवारातले ब्लॉक मधोमध परातीसारखे दबले होते आणि सीमाभिंत बाहेर झुकलेली होती. पूर्वी इथे काय होते असे विचारल्यावर दाखवणाऱ्या मुलाने विषय बदलला, आणि आम्ही परतलो. ओढ्याकाठच्या जागेबद्दल तर 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केले ते पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

कोकणाचा, म्हणजे जांभ्याच्या जमिनीचा, विचार आम्ही फार केला नाही. केरळातल्या जांभ्याच्या प्रदेशात वरच्या कठीण थराखालची मऊ माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि जमिनीखाली बोगदे तयार होतात, हे माहीत असल्यामुळे जांभ्यावर घर बांधणाऱ्याने विहीर खणणाऱ्यांकडे तेवढी चौकशी करावी.

आम्ही शेवटी कोथरूडमध्ये, टेकडीच्या पायथ्यापासून जवळच, पुनर्विकासातली सदनिका घेतली. पायाचे खोदकाम चालू असताना मी रोज सकाळी फिरून येताना काठावर उभा राहत असे. कमरेइतका मुरूम निघाला, त्याखाली सलग काळा कातळ लागला, आणि तो फोडायला ब्रेकर बरेच दिवस धडधडत होता. शेजाऱ्यांनी आवाजाच्या तक्रारी केल्या; मला मात्र तो आवाज ऐकून बरे वाटत असे. हे काही मृदापरीक्षण नव्हे, आणि तो अहवाल विकसकाकडून मागून घ्यावाच. पण स्वतः पाहिलेल्या खडकाइतका भरवसा मला कोणत्याही कागदाने दिला नसता.

गेल्या पावसाळ्यात आमच्याही आवारात, जमिनीखालच्या टाकीजवळ, दोन ब्लॉक चार बोटे खाली गेले. दुसऱ्याच दिवशी प्लंबरला बोलावून उकरून पाहिले, तेव्हा जलवाहिनीचा एक जोड गळत होता आणि त्या पाण्याने आजूबाजूची माती वाहून नेली होती. जोड बदलला, मुरूम टाकून धुम्मसने ठोकला, ब्लॉक पुन्हा बसवले, आणि खर्च सर्व सभासदांनी वाटून घेतला.