जावात स्टार की एकेक नाव?

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाची जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय. काल विचारलं, ‘मामा, इम्पोर्ट जावा.युटिल.* लिहू की प्रत्येक क्लासचं नाव?’

इम्पोर्ट म्हणजे तयार क्लास (कोडचे घटक) आपल्या प्रोग्रामात छोट्या नावानं वापरायची सोय; स्टार (*) म्हणजे त्या पॅकेजातले, म्हणजे गटातले, सगळे क्लास एकदम. प्रोग्रामच्या वेगात फरक शून्य. बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपायलर या भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामनं बनवलेल्या रूपात, इम्पोर्टची ओळ उरतच नाही. टायपिंग स्टारमध्ये कमी, पण हल्ली एडिटरच ओळी भरतो, तेव्हा ते कारण लंगडं. खरी गोम नावांच्या टकरीत. जावा.युटिल आणि जावा.एसक्यूएल दोन्हींत डेट नावाचा क्लास आहे; दोन्हींना स्टार लावून नुसतं डेट लिहिलंस की कंपायलर अडून बसतो: कुठला डेट? एकाचं पूर्ण नाव इम्पोर्ट केलं की वाद मिटतो, वाचणाऱ्यालाही कळतं. शिवाय स्टार आतल्या पॅकेजात शिरत नाही, जावा.युटिल.स्ट्रीम वेगळं आणावं लागतं.

प्रॅक्टिकलच्या छोट्या प्रोग्रामला स्टार चालेल गं. चौघांनी हात लावायच्या कोडला मात्र एकेक नावच.