वजन उतरत होते, नाडी कोणी पाहिली नाही : दादरच्या एका वजन-नियंत्रण केंद्राचा अनुभव

दादर पश्चिमेच्या एका वजन-नियंत्रण केंद्रात मी गेल्या वर्षी जुलैपासून चौदा आठवडे उपचार घेतले. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण माझी तक्रार संबंधित यंत्रणेकडे गेलेली असून तिचा निकाल अद्याप लागलेला नाही. परंतु अशा केंद्रांत पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

माझे वय ५१, उंची १५४ सेंटिमीटर आणि सुरुवातीचे वजन ७८.४ किलो होते. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा निर्देशांक) ३३ च्या आसपास. भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा मानतात, तेव्हा वजन कमी करण्याची गरज खरी होती, ती कोणी माझ्या गळी उतरवलेली नव्हती. मुलुंडहून दादरला नोकरीसाठी रोज येते, त्यामुळे केंद्र सोयीचे वाटले. जागा स्वच्छ होती, वेळ पाळली जात असे, आणि समुपदेशक मुलगी अतिशय अगत्याने बोलत असे. आहाराचा तक्ताही वाईट नव्हता: भाकरी, उसळ, ताक, रात्रीचे जेवण आठच्या आत. या गोष्टींचे श्रेय मी त्यांना मोकळेपणाने देते.

तीन महिन्यांचे १८,००० रुपये भरल्यावर आहाराच्या तक्त्यासोबत एक पांढरी डबी मिळाली. डबीवर ना औषधाचे नाव होते, ना उत्पादकाचा पत्ता, ना मुदत. फक्त ‘सकाळी १, दुपारी १’ असे पेनाने लिहिलेले. “यात काय आहे?” असे विचारल्यावर “ताई, पूर्णपणे आयुर्वेदिक आहे, काहीही त्रास होत नाही,” हे उत्तर मिळाले. आयुर्वेदिक औषधाच्याही वेष्टनावर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचे नाव असावे लागते, हे मला ठाऊक असूनही मी पुढे विचारले नाही. तिथेच थांबायला हवे होते.

वजन उतरले, हे नाकारत नाही. चौदा आठवड्यांत ७०.९ किलोपर्यंत आले. दर शनिवारी काट्यावर उभे राहायचे, आकडा वहीत लिहायचा, पुढची डबी घ्यायची. या चौदा शनिवारांत एकदाही कोणी माझ्या मनगटाला हात लावला नाही, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला नाही. नोंदणीच्या अर्जात मधुमेह आहे का, गुडघे दुखतात का, लग्न कधी झाले, हे सारे विचारले होते. हृदयाविषयी एकही प्रश्न नव्हता. माझ्या दृष्टीने या सेवेचे सर्वांत मोठे वैगुण्य हेच आहे, आणि औषधात पुढे जे निघाले त्यापेक्षाही ते गंभीर आहे, कारण नाडी मोजली असती तर पुढचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच लक्षात आला असता.

गणपतीच्या आधी हात किंचित थरथरू लागले, झोप उडाली, पंख्याखालीही घाम येई. मी ते रजोनिवृत्तीच्या खात्यावर टाकले. केंद्रात सांगितले तेव्हा “चरबी जळते आहे, चांगले लक्षण आहे” असे ऐकायला मिळाले. नवरात्रात एका संध्याकाळी दादरच्या पुलावर, गर्दीत, छातीत अशी धडधड सुरू झाली की कठड्याला धरून उभे राहावे लागले. एका अनोळखी बाईंनी पाणी दिले आणि घरी फोन लावून दिला. मुलगी मला तशीच महापालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेली.

तेथील सेवेबद्दल मात्र कृतज्ञतेने लिहिले पाहिजे. केसपेपरची रांग लांब होती, बाकड्यावर जागा नव्हती, पण तपासणाऱ्या तरुण निवासी डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो असा : “मावशी, वजन कमी करायचं काही घेता का?” विश्रांतीतही नाडी मिनिटाला ११२ होती. ईसीजी झाला, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, ठोक्यांची सलग नोंद ठेवणारा चोवीस तासांचा होल्टर लावला. हृदयाची रचना आणि पंपाची शक्ती चांगली निघाली. होल्टरवर मात्र वरच्या कप्प्यांतून येणारे जादा ठोके आणि अतिवेगाच्या लहानलहान लहरी दिसल्या. रक्तातील टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक (हार्मोन), ०.०१ होते, जे साधारणतः ०.४ ते ४ च्या दरम्यान असते. शरीरात थायरॉईडचे संप्रेरक जास्त झाले की ते असे खाली जाते. थायरॉईडचा आजार मला कधीच नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी थायरोग्लोब्युलिनची तपासणी सांगितली. ग्रंथी स्वतःच जास्त संप्रेरक तयार करत असेल तर हे प्रथिन वाढते. बाहेरून संप्रेरक घेतले जात असेल तर ते खाली जाते. माझे अगदी खाली गेले होते.

म्हणजे त्या ‘आयुर्वेदिक’ कॅप्सूलमधून थायरॉईडचे संप्रेरक पोटात जात होते. ते शरीरातील चयापचयाचा वेग वाढवते, वजन उतरते, परंतु त्यात स्नायूही झिजतात, हाडे ठिसूळ होतात आणि हृदय सतत धावत राहते. एट्रियल फिब्रिलेशनसारखी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके विस्कळीत होण्याची) अनियमितता त्यातून उद्भवू शकते, आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. वजन घटवण्यासाठी हे औषध देऊ नये, अशी ठळक चेतावणी अमेरिकेत त्याच्या वेष्टनासोबतच्या माहितीत छापलेली असते. बंद केल्यावरही लगेच सुटका होत नाही, कारण थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचे मुख्य संप्रेरक, रक्तात निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. मला नाडीचा वेग कमी करणारे प्रोप्रानोलॉल सुरू करून सहा आठवडे नाडीची नोंद ठेवायला सांगितले.

वजन घटवण्याच्या औषधांचा आणि हृदयाचा हा संबंध जुना आहे, हे मला नंतर कळले. फेनफ्लुरामाइन १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले, कारण ते घेणाऱ्या स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागल्याचे आढळले होते. सिबुट्रामाइनने रक्तदाब आणि नाडी वाढत असे. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे १०,००० रुग्णांवरील चाचणीत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढलेले दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत आणि २०११ मध्ये भारतात ते बंद झाले. तरीही ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत आणि कॅप्सूलमध्ये ते पुनःपुन्हा सापडले आहे. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, ही गोष्ट लोकलच्या डब्यातले कागद वाचताना कोणाच्या मनातही येत नाही.

सगळीच औषधे वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि डॉक्टरांनीही म्हटले नाही. २०२५ पासून भारतात मिळू लागलेल्या टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांविषयी मी त्यांना विचारले. हृदयविकार असलेल्या, वजन जास्त असलेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या १७,६०४ व्यक्तींवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटवले. त्यानेही नाडी मिनिटाला काही ठोक्यांनी वाढू शकते, म्हणून ती अधूनमधून मोजतात. माझी नाडी आणि टीएसएच पूर्ववत होऊन काही महिने जाईपर्यंत त्यांनी वजनाचे कोणतेही औषध सुरू करण्यास नकार दिला. तो नकार मला केंद्रातल्या सर्व अगत्यापेक्षा मोलाचा वाटतो.

केंद्राला पाचपैकी एक तारा, तोही आहाराच्या तक्त्यासाठी. पैसे परत मागितले तेव्हा “औषध तुम्हाला मानवलं नाही” एवढेच सांगण्यात आले.

उरलेल्या २२ कॅप्सूल डबीसह मी निवासी डॉक्टरांकडे नेल्या. त्यांनी संशयित दुष्परिणामाचा अर्ज माझ्यासमोर भरला आणि अशी नोंद रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर स्वतः करता येते, असे सांगितले. औषधाच्या नावाच्या रकान्यात त्यांनी ‘नाव नसलेली पांढरी कॅप्सूल’ असे लिहिले. डिसेंबरअखेर टीएसएच १.८ वर आले. वजन ७४ वर परतले आहे, आणि सकाळी उठल्यावर घड्याळासमोर बसून मोजलेली नाडी आज ७४ भरली.