धरणं की मोहल्ला बैठक?

नागपूरच्या हंसापुरीतल्या एका पोराने विचारलं, "भाऊ, द्वेषाविरुद्ध काही करायचं तर संविधान चौकात धरणं धरू की मोहल्ल्यात बैठका घेऊ?"

खर्चात बैठक स्वस्त, सतरंजी अन् चहा पुरतो. धरण्याला भोंगा, फलक, वर परवानगीसाठी ठाण्याच्या चकरा.

मेहनत मात्र उलटी. धरणं एका दुपारचं. बैठक दर पंधरवड्याला, अन् तिसऱ्या खेपेला निम्मेच येतात. बायका नसतील तर तिचा पानठेला होतो, हेही सांगून ठेवतो.

खरा फरक टिकण्यात. 17 मार्च 2025 ला नागपूरच्या महाल भागात हिंसाचार उसळला, अनेक भागांत संचारबंदी लागली. तेव्हा चौकात जमणार कसं? कामी येतो समोरच्या गल्लीतल्या माणसाचा नंबर: "हा व्हिडिओ आलाय, खरा आहे का?" 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. पुढे 1992-93 ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

प्रशासनाला हलवायचंय, गुन्हा नोंदवून घ्यायचाय, तर धरणं. शेजाऱ्याची भीती घालवायचीय, तर बैठक. हंसापुरीला आधी बैठकच लागेल.