किल्ल्याच्या अंगणाचे पस्तीस युरो

युरोपातली जुनी शहरं, किल्ले आणि डोंगरातली गावं दाखवणारी ग्रुप टूर घेणार असाल, तर जैन जेवण मिळेल का, हे विचारण्याआधी कंपनीला एक विचारा. किल्ल्याच्या तिकिटावर वेळ कोणती आहे? उत्तरात नुसतं "अहो, ते सगळं आमच्याकडे लागलं" असं आलं, तर पैसे भरायचे थांबा. असं का म्हणते आहे, ते खाली सविस्तर लिहिते. आम्ही प्रागपासून म्युनिकपर्यंतची बसची सहल केली. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण ही पद्धत एकाच कंपनीची असेल असं मला वाटत नाही.

कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं : प्रागचा किल्ला, चेस्की क्रुमलोवचा किल्ला आणि मनोरा, साल्झबर्गचा होहेनझाल्झबुर्ग, बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन. पुढे ठळक अक्षरात, "सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट". बसमध्ये बहुतेक जण निवृत्त किंवा निवृत्तीला आलेले, एक कुटुंब दोन शाळकरी मुलांसह. प्रागला पोहोचलो आणि टूर मॅनेजरने बसमध्येच माइक हातात घेतला. "काका-काकूंनो, यंदा सगळीकडची तिकिटं वाढली आहेत. कंपनीने जुन्या दराने पैसे घेतलेत, फरक द्यावा लागेल." प्रागचे पस्तीस, क्रुमलोवचे वीस, साल्झबर्गचे पंचवीस, नॉयश्वानस्टाइनचे चाळीस, असे माणशी एकशेवीस युरो रोख. आकडे इतके सुटे सुटे सांगितले की हिशोब चोख वाटला. पावती मागितल्यावर म्हणाला, "शेवटी सगळ्यांना एकत्रच देतो."

प्रागच्या किल्ल्यावर त्याने आम्हाला संध्याकाळी नेलं. दारात पिशव्या तपासत होते, रांग होती. ती तपासणी पार केली की आपण तिकीट काढून आत आलो असंच वाटतं. आत अंगणं पाहिली, सेंट व्हायटस कॅथेड्रलचे मनोरे मान मागे टाकून पाहिले. "चर्च आज दुरुस्तीसाठी बंद आहे," तो म्हणाला. मग गोल्डन लेनमध्ये गेलो. बुटकी रंगीत घरं, दारं मात्र बंद. गर्दी नाही, उजेड मऊ, फोटो अप्रतिम आले. सगळे खूश होते, मीही.

दुसऱ्या दिवशी मोकळा वेळ होता. माझी नणंद आणि मी पुन्हा किल्ल्यावर गेलो, तेव्हा तिकीटखिडकीजवळचा फलक वाचला. किल्ल्याच्या अंगणांत जायला तिकीट लागतच नाही. तिकीट लागतं ते कॅथेड्रलच्या आत, जुन्या राजवाड्यात, सेंट जॉर्जच्या बॅसिलिकात आणि दिवसा गोल्डन लेनमध्ये. या वास्तू उन्हाळ्यात पाच वाजता बंद होतात आणि त्यानंतर गोल्डन लेन सगळ्यांना मोफत असते. म्हणजे किल्ल्यावरचं जे जे फुकट होतं, तेवढंच त्याने दाखवलं होतं, आणि तेही ज्या वेळी फुकट होतं त्या वेळी. चर्चची कसलीही दुरुस्ती चाललेली नव्हती, ते नेहमीच्या वेळेला बंद झालं होतं. या सगळ्याचं तिकीट तेव्हा साडेचारशे चेक कोरुना, म्हणजे साधारण अठरा युरो होतं. आमच्याकडून घेतले होते पस्तीस.

याला निव्वळ हलगर्जीपणा म्हणता येत नाही. संध्याकाळची वेळ निवडायला अभ्यास लागतो.

(जाता जाता प्रागबद्दल आणखी एक. तिथे कोरुना चालतात आणि टूर मॅनेजर "ओळखीच्या" पैसे बदलण्याच्या दुकानात नेतो. दर वाईट मिळाला असं लक्षात आलं, तर चेक कायद्याप्रमाणे २०१९पासून एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती तेवढी हवी. आमच्यातल्या एका वहिनींनी तसं करून पैसे परत आणले, दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण दिले.)

क्रुमलोवला तर आम्ही पोहोचलोच नाही. "रस्ता बंद आहे" असं सांगून बस चेस्के बुद्येयोवित्से या दुसऱ्याच शहरात थांबवली. तिथला चौक देखणाच आहे, चारही बाजूंनी कमानी, मध्ये सॅमसनचं कारंजं. पण तिथे ना तो रंगवलेला मनोरा, ना खंदकातली अस्वलं, ना गावाला वेटोळं घालणारी व्लतावा नदी. क्रुमलोव १९९२पासून जागतिक वारसा यादीत आहे, लोक त्यासाठी लांबून येतात. आमच्या ग्रुपमधल्या काहींच्या फेसबुकवर त्या चौकाच्या फोटोखाली अजूनही क्रुमलोव लिहिलेलं आहे. खरं कारण नंतर कळलं. जून २०१९पासून क्रुमलोवमध्ये पर्यटकांच्या बसला आधी वेळ आरक्षित करून शुल्क भरावं लागतं. आमच्या बसचं आरक्षणच नव्हतं. ड्रायव्हरनेच ते सांगितलं, खाणाखुणा आणि मोडक्या इंग्रजीत.

साल्झबर्गला मात्र सगळं रीतसर झालं. फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेने, वर गेलो, तिकिटं आमच्यासमोर काढली, १०७७ साली सुरू झालेल्या त्या दुर्गाच्या तटावरून आल्प्स दिसले. त्यामुळे बसमधली कुजबुज थांबली. "बघा, उगाच शंका घेत होतात," असं एक काका आम्हा दोघींना म्हणाले. एक ठिकाण व्यवस्थित दाखवलं की बाकीची तीन विचारायची कोणाला हिंमत होत नाही. विचारणारा किरकिरा ठरतो. ग्रुप टूरमध्ये ही भीती फार मोठी असते, आणि टूर मॅनेजरला ती पक्की ठाऊक असते.

पुढच्या दिवसाचा कार्यक्रम आज पुन्हा वाचते तेव्हा हसू येतं. साल्झबर्ग, तळ्याकाठचं हॉलस्टाट गाव, इन्सब्रुक, नॉयश्वानस्टाइन आणि मुक्कामाला म्युनिक, सगळं एका दिवसात. हे अंतर मोटारीने कापायलाच आठ तासांच्या आसपास लागतात. युरोपात बसच्या ड्रायव्हरला दिवसाला नऊ तासच गाडी चालवता येते (आठवड्यातून दोनदा दहा), आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावंच लागतं. गाडीतल्या यंत्रात सगळी नोंद होते. हॉलस्टाटला तर बसला आधी स्लॉट घ्यावा लागतो आणि स्लॉट घेतला की किमान दोन तासांहून जास्त थांबण्याचा नियम आहे. म्हणून कार्यक्रमात "हॉलस्टाट, अर्धा तास" असं दिसलं, की त्या कंपनीने स्लॉट घेतलेला नाही, असं खुशाल समजा. आमचं हॉलस्टाट "ड्रायव्हर ऐकत नाही" या कारणाने गळालं. बिचारा ड्रायव्हर कायदा पाळत होता आणि शिव्या खात होता. इन्सब्रुकला सोनेरी छप्पर रस्त्यावरून पाहिलं. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली २,६५७ तांब्याची कौलं आहेत, हे टूर मॅनेजरने पुन्हा पुन्हा सांगितलं. फुकट दिसणाऱ्या गोष्टींची माहिती त्याला तोंडपाठ होती.

नॉयश्वानस्टाइनला पोहोचेपर्यंत दुपार उलटली होती. या किल्ल्याची रीत आपल्याला नवी असते. आपल्याकडे गड म्हणजे चढायचं, दरवाजा ओलांडायचा आणि पाय दुखेपर्यंत हिंडायचं. तिथे तसं नाही. आत फक्त त्यांच्या गाइडबरोबर, ठरलेल्या वेळेच्या तिकिटावर जाता येतं. वेळ चुकली की तिकीट वाया. तिकीटघर खाली होहेनश्वानगाऊ गावात, आणि तिथून चढण अर्ध्या-पाऊण तासाची. त्यामुळे तिकिटावर चारची वेळ असेल, तर तीनच्या आधी खाली पोहोचलेलं हवं. आम्हाला वेळ कोणी सांगितलीच नव्हती, कारण सांगायला तिकिटंच नव्हती.

तो म्हणाला, "तिकिटं संपलीत हो. आणि आत काय आहे? फोटोसुद्धा काढू देत नाहीत. राजा मेला तेव्हा किल्ला अर्धवटच होता. खरी मजा पुलावर." यातलं शेवटचं वाक्य सोडलं तरी बरंचसं खरं आहे, म्हणून तर ते पचतं. आत फोटोला मनाई आहे. लुडविग दुसरा याने १८६९ साली बांधकाम सुरू केलं आणि १८८६ साली तो मेला तेव्हा काम अपुरंच होतं, सिंहासनाच्या दालनात सिंहासनच नाही. पण ते दालन, गायकांचं सभागृह, राजाच्या खोल्या, भिंतीभर चित्रं, हे पाहायलाच तर माणूस इतक्या लांब येतो.

ग्रुपमधले एक काका नोकरीनिमित्त काही वर्षं जर्मनीत होते. ते सरळ खिडकीवर गेले आणि कंपनीच्या नावाने आजचं किंवा रद्द झालेलं आरक्षण आहे का, असं विचारलं. खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि मान हलवली. टूर मॅनेजर म्हणाला, आरक्षण जर्मन एजंटच्या नावाने असतं. एजंटचं नाव विचारल्यावर त्याला अचानक फोन आला आणि तो बोलत बोलत बसकडे गेला. काकांनी तेवढ्यात आणखी एक गोष्ट विचारून घेतली. अठरा वर्षांखालच्या मुलांना इथे प्रवेश मोफत असतो. त्या दोन्ही मुलांचे चाळीस-चाळीस युरो त्याने घेतले होते. मुलांच्या आईचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता.

आम्ही मारिएनब्रूके पुलावर गेलो. खोल घळ, खाली धबधबा, समोर किल्ला. दृश्य तिकिटावरच्या चित्रासारखं, आणि पूलही मोफत.

आता मुद्द्याचं. अशा सहलीत जे काही खरं असतं, त्याचा कागद निघण्याआधीच तयार असतो. नॉयश्वानस्टाइनला ग्रुपचं आरक्षण असतं, त्यावर तारीख, वेळ, माणसांची संख्या असते. क्रुमलोवच्या आणि हॉलस्टाटच्या बसथांब्याचं आरक्षण असतं. हॉटेलचा आरक्षण क्रमांक असतो. हे कागद मागा, शेवटचा हप्ता भरण्याआधी मागा, आणि तोंडी नको, लेखी मागा. "तिथे गेल्यावर काढू" हे उत्तर साल्झबर्गच्या दुर्गाला चालतं, नॉयश्वानस्टाइनला हंगामात चालत नाही. कंपनी कागद दाखवायला कचरत असेल तर कार्यक्रमपत्रिकेतली ती ओळ शोभेची आहे. आणि बसमध्ये कोणी "फरक" मागितला, तर द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्याच बसमध्ये, त्याच क्षणी, त्याच्या सहीची पावती घ्या.

हॉटेलांची गोष्ट वेगळीच. व्हिसाच्या फायलीत प्रागच्या जुन्या शहरातलं हॉटेल होतं, आम्ही राहिलो महामार्गालगत, जिथून ट्रामसुद्धा मिळत नव्हती. परत आल्यावर मी त्या पहिल्या हॉटेलला ईमेल केला. उत्तर आलं की आमच्या नावाचं आरक्षण व्हिसा मिळाल्यानंतर लगेच रद्द केलं गेलं. पत्रिकेत "किंवा तत्सम" असं असतं, त्यामुळे हॉटेल बदललं म्हणून भांडता येत नाही, हे मला मान्य. पण वकिलातीला दाखवलेले कागद देखाव्याचे असतील, तर अर्जावर सही आपली असते, कंपनीची नसते. व्हिसाच्या फायलीची पूर्ण प्रत आपल्याकडे हवीच.

आणि कर. परदेशी सहलीच्या पैशांवर कंपनीने आपल्याकडून टीसीएस (विकतानाच गोळा केला जाणारा आयकर) घेतला, तर तो आपल्या पॅनवर जमा व्हायला हवा आणि त्याचं प्रमाणपत्र मिळायला हवं. आमच्या बिलात टीसीएसची ओळ होती, पैसेही घेतले होते. आमच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या करनोंदीच्या पत्रकात, मात्र काहीच नव्हतं. ग्रुपमधल्या इतरांना तपासायला सांगितलं, त्यांचंही तेच. काहींना तर निम्मे पैसे "जीएसटी वाचेल" म्हणून कोणाच्या तरी खासगी खात्यात भरायला लावले होते. या एका गोष्टीवरून वकिलांनी आमचं प्रकरण गंभीरपणे घेतलं. किल्ला आतून पाहिला की बाहेरून, यावर वाद होऊ शकतो. पॅनवरच्या नोंदीवर होत नाही.

पत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वाद फक्त अमुक शहरातच चालेल. त्याने घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ऑनलाइनही होते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून ठेवली तर बरं.

आमच्या नोटिशीनंतर कंपनीने पुढच्या वर्षीच्या राजस्थान सहलीवर सवलत देऊ केली. अट एकच, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे आमचे संदेश काढून टाकायचे. आम्ही नकार दिला. मग लेखी उत्तर आलं, त्यात क्रुमलोव आणि हॉलस्टाटचं खापर "स्थानिक निर्बंधां"वर फोडलं आहे. माणशी एकशेवीस युरोंबद्दल म्हटलं आहे की ती प्रवाशांनी टूर मॅनेजरला स्वखुशीने दिलेली टिप होती.

बसमध्ये पैसे गोळा करताना त्याने एका वहीच्या पानावर नावांची यादी केली होती आणि पैसे मिळाले की नावापुढे बरोबरची खूण. नणंदेने त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता, तो तक्रारीला जोडला आहे. यादीत त्या दोन शाळकरी मुलांचीही नावं आहेत, प्रत्येकी एकशेवीस. कंपनीचं म्हणणं खरं धरायचं, तर आठवीतल्या आणि पाचवीतल्या मुलांनीही खूश होऊन टिप दिली. सुनावणी अजून व्हायची आहे.