कॅरोसेल की मॅगझिन?

अनेक सीडी एकदम मावणारा प्लेअर, म्हणजे सीडी चेंजर, दोन प्रकारचा: फिरत्या चकतीसारख्या ट्रेचा कॅरोसेल आणि सीडी एकावर एक ठेवायच्या, काढता येणाऱ्या डबीचा, म्हणजे मॅगझिनचा. पाच सीडींच्या कॅरोसेलमध्ये पहिला बळी जातो तो रबरी बेल्टचा. कडक होऊन तो घसरतो आणि ट्रे अर्ध्यावर अडतो किंवा उघडतच नाही. उपाय स्वस्त आहे: प्लग काढा, वरचं झाकण उघडा, बेल्टची चाकं (पुली) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, त्याच मापाचा चौकोनी काटछेदाचा बेल्ट घाला. ग्रीस बेल्टला लागू देऊ नका, नाहीतर तो पुन्हा घसरेल.

सहा सीडींचं मॅगझिन आटोपशीर, धूळही कमी. पण कागदी लेबल चिकटवलेली सीडी आत अडकली की मॅगझिन बाहेर येत नाही. ओढलंत तर पातळ ट्रे मोडतो. सुटं मॅगझिन मिळवणं ही वेगळीच कटकट!

गाणी अडखळणं दोन्हींत सारखंच: आधी लेन्स पुसा. जुना चेंजर घ्यायचाच असेल, तर कॅरोसेल.